बंदी आणि बिदागी

भातकापणी उरकली, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील दारे एकामागून एक बंद होऊ लागतात. पावसाळ्याच्या अडचणीत मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात; म्हाताऱ्यांना मागे ठेवतात, मुलांना शाळेतून काढून बरोबर नेतात. याच दिवसांत तालुक्याच्या आठवडी बाजारांत शासनाने नेमलेली कलापथकेही फिरत असतात. डफावर थाप पडते, माणसे गोळा होतात आणि सरकारी योजनांची महती सवालजवाबांतून ऐकवली जाते. ऐकणारा हसतो, टाळी वाजवतो आणि उद्याच्या गाडीची चौकशी करीत निघून जातो. आपल्या घराचे दार का बंद होते, हा प्रश्न त्या सवालजवाबांत कधी येत नाही.

या कलावंतांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनाही पोट आहे. परंतु ज्या साच्यात हा कार्यक्रम बसविलेला असतो, तो साचा कोणी घडविला, कशासाठी घडविला आणि तो आज कोणाच्या हाती आहे, याचा विचार समाजवादी चळवळीने तरी केला पाहिजे. त्यासाठी १९४४ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाळवे तालुक्यातील वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले. अमर शेख बार्शीचे, मुसलमान घरातले, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. दोघांनीही अंगमेहनतीवर पोट भरले होते. ते दिवस महायुद्धाचे, बंगालच्या दुष्काळाचे आणि रेशनच्या रांगांचे होते. १९४३ साली मुंबईतच इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे ‘इप्टा’, स्थापन झाली होती आणि कला ही लोकांची मालमत्ता असली पाहिजे, हा विचार हवेत होता. या तिघांनी त्या विचाराला गिरणगावाचा आवाज दिला.

त्यांच्यापूर्वीही महाराष्ट्रात ही परंपरा होती. सत्यशोधकी जलशांनी भटशाहीवर कोरडे ओढले होते. आंबेडकरी जलशांनी अस्पृश्यवस्त्यांना स्वाभिमानाची भाषा शिकविली होती. लाल बावटा पथकाने त्या वारशात एक धाडसी फेरफार केला. पारंपरिक तमाशा गणाने, म्हणजे गणेशवंदनेने सुरू होतो. त्यानंतर गवळण येते, कृष्ण आणि गौळणींची थट्टामस्करी होते आणि मग वगाला तोंड फुटते. अण्णाभाऊंनी गणाच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमिकांना वंदन आणले, गवळण गाळून टाकली आणि वगातील राजा-प्रधानांच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी आणि शेतकरी उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजीचे इलेक्शन’ ही नावेच विषय सांगून जातात. ज्या तमाशाला पांढरपेशा समाज नाके मुरडीत होता, त्यानेच या समाजाच्या अर्थव्यवहाराची झडती घ्यायला सुरुवात केली.

आता नकाशावर थोडे उत्तरेकडे सरकू. कलापथक जन्माला आले त्याच हंगामात, ७ जानेवारी १९४५ रोजी, टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याला उंबरगाव तालुक्यातून मूठभर वारली आले होते. परत गेल्यावर त्यांनी पाहिलेले-ऐकलेले पाड्यापाड्यांत सांगितले. न छापील पत्रक, न वर्तमानपत्र. निरोप तोंडोतोंडी फिरला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असा त्यांनी निर्धार केला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या दारी आयुष्यभर राबावे, अशी ती लग्नगड्याची पद्धत होती. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा संप झाला; पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच वारली ठार झाले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा सारा इतिहास नोंदवून ठेवला आहे.

कलापथक आणि वारल्यांचा उठाव ही एकाच झाडाची दोन फळे होत. दोहोंचे भांडवल सारखेच होते. ज्याला अक्षर येत नाही त्याला विचार येत नाही, हा शहाण्यांचा समज दोहोंनी खोटा पाडला. तोंडी भाषा आणि चार माणसांचा एकत्र आवाज एवढ्यावर संघटना उभी राहू शकते, हे दोहोंनी सिद्ध केले.

कलापथकाचा तो पहिला जोमाचा काळ पुरती सहा वर्षेही टिकला नाही. स्वातंत्र्य आले, आणि ज्यांनी स्वातंत्र्याचे पोवाडे गायले त्यांच्यामागेच पोलीस लागले. १९४८ नंतर साम्यवादी चळवळीवर धरपकडीचा वरवंटा फिरला. मुंबई सरकारचे गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते; कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. त्याच सुमारास तमाशावरही सरकारची वक्रदृष्टी वळली आणि संहिता आधी तपासून घ्यावी, मगच फडावर उभे राहावे, अशी व्यवस्था झाली. गोऱ्या सरकारने १८७६ साली नाटकांना घातलेली वेसण काळ्या सरकारने सोडली नाही. ते त्रिकूट पुढे पहिल्यासारखे एकत्र राहिले नाही. १९६९ सालच्या १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, आणि सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.

पथकाचे चरित्र येथे संपते. परिणामाचे चरित्र मात्र येथून सुरू होते. तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले आणि पांढरपेशा प्रेक्षकही त्याच्या तंबूत येऊन बसू लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावच्या शाहिरांनी हेच तंत्र उचलले. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना’ या लावणीने राज्याच्या सीमेबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाची व्यथा घराघरांत नेली. आमच्या समाजवादी घराण्यातील राष्ट्र सेवा दलाचे कलापथक विचाराने वेगळे होते आणि लाल बावट्याशी त्याचे राजकीय भांडणही होते. तरीही वसंत बापटांच्या काव्याने आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’सारख्या लोकनाट्याने त्याने तीच वाट रुंद केली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे सारे त्या वाटेवरचे प्रवासी. पुढे आव्हान नाट्य मंचातून विलास घोगरे आणि संभाजी भगत आले. २००२ साली पुण्यात कबीर कला मंच स्थापन झाला. यांतील प्रत्येकाने लाल बावट्याचे अनुकरण केले असे नव्हे. त्यांच्यापैकी कोणालाही ‘हे करता येते’ हे नव्याने सिद्ध करून दाखवावे मात्र लागले नाही.

अल्प आयुष्य आणि दीर्घ प्रभाव, हे गणित अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सोडवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. साधारणतः जी संस्था दीर्घकाळ टिकते, जिच्याकडे इमारत असते, निधी असतो, तीच प्रभावी ठरते असे आपण धरून चालतो. येथे ते उलटे का झाले?

याचे उत्तर उत्पादनखर्चात आहे. संगीत नाटकाला पडदे लागतात, ऑर्गन लागतो, गाण्याची वर्षांची तालीम लागते. चित्रपटाला लाखो रुपये लागतात. कलापथकाला डफ, तुणतुणे, ढोलकी, चार माणसे आणि पारावरची मोकळी जागा एवढे पुरे. उत्पादनाची साधने इतकी स्वस्त असली की प्रेक्षक आणि कलावंत यांच्यामधील भिंत पातळ होते. ऐकणाऱ्याच्या मनात कौतुकापाठोपाठ दुसरा विचार येतो : हे मलाही जमेल. ज्या कलेतून हा विचार निघतो ती कला जणू स्वतःचे बियाणे वाटत जाते. पीक कापले गेले तरी बियाणे लोकांच्या घरात शिल्लक राहते.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९७५ साली लंडनमध्ये काही बेकार, अर्धशिक्षित पोरांनी ‘सेक्स पिस्टल्स’ नावाचे वाद्यवृंदाचे टोळके जमविले. ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. १९७६ साली त्या एकेकाळच्या साम्राज्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात कर्जासाठी उभे राहावे लागले. या पोरांना वाजवायला फारसे येत नव्हते आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. कर्कश, शिवराळ, उद्धट अशा त्यांच्या संगीताला ‘पंक’ म्हणजे टपोरी असे नाव पडले. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी त्यांनी राजनिष्ठेची टर उडविणारे गाणे काढले. बीबीसीने ते वाजविण्यास नकार दिला, तरी विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचले. एकच पूर्ण ध्वनिमुद्रिका काढून जानेवारी १९७८ मध्ये टोळके फुटले. सारा कारभार अडीच वर्षांचा.

परंतु ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांचा जो कार्यक्रम झाला, त्याला जेमतेम चाळीसएक श्रोते होते असे सांगतात, आणि त्या श्रोत्यांतून पुढे ‘जॉय डिव्हिजन’, ‘द फॉल’, ‘द स्मिथ्स’ यांसारखी नामांकित पथके उभारणारी माणसे निघाली. जागा होती फ्री ट्रेड हॉलच्या वरच्या लहान सभागृहाची. धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ साली रद्द झाले त्याचे स्मारक म्हणून ही इमारत बांधली गेली, आणि तीही अशा मैदानावर, जेथे १८१९ साली मताधिकार मागणाऱ्या कामगारांच्या सभेवर घोडदळ घालण्यात आले होते. खुल्या व्यापाराच्या देवळात बेकार पोरांनी आरडाओरडा केला आणि ऐकणाऱ्यांनी घरी जाऊन जुनी गिटार विकत घेतली.

या दोन पथकांची बरोबरी करण्याचा मोह आवरला पाहिजे. लंडनच्या पोरांना उद्याचा दिवसच दिसत नव्हता. त्यांचा संताप खरा असला तरी तो कोणत्याही संघटनेला बांधलेला नव्हता. आमच्या शाहिरांच्या मागे गिरणी कामगारांची युनियन होती, किसान सभा होती, उद्याचे स्वप्न होते. तरीही एका बाबतीत दोघांचे भाग्य सारखे ठरले. दोघांवर बंदी आली तेव्हा दोघे वाढले. बाजाराने दोघांना जवळ केले तेव्हा दोघांची धार गेली. फाटका सदरा आणि त्याला लावलेली टाचणी हा बेकारीचा गणवेश होता. काही वर्षांतच तो दुकानांत चढ्या किमतीला मिळू लागला. आमच्याकडे डफ सरकारी योजनांच्या जाहिरातीला जुंपला गेला.

म्हणून आमचे म्हणणे असे, की लोककलेला बंदीपेक्षा बिदागीचे भय अधिक आहे. बंदी गाण्याचा विषय लोकांना कळवते. बिदागी तो विषयच बदलून टाकते, आणि बदलला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचा अर्थ बंदीचे संकट टळले आहे असा नव्हे. कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०११ पासून बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा पुन्हा अटका झाल्या आणि खटल्याचा निकाल न लागता वर्षानुवर्षे कोठडीत काढावी लागली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. बोललेला वा लिहिलेला शब्द, खूण, दृश्य सादरीकरण यांनाही बेकायदा कृत्याच्या व्याख्येत ओढण्याइतकी त्याची भाषा सैल आहे. उद्या कोणा शाहिराने ‘शेटजीचे इलेक्शन’ नव्या नावाने रंगविले, तर तो वग की कट, हे ठरविणारा अधिकारी कोण असेल? या कायद्याला विरोध करणे हे लोकशाही समाजवाद्यांचे कर्तव्यच आहे. परंतु बंदीविरुद्ध सभा भरविणे आपल्याला जमते. बिदागीविरुद्ध काय करायचे, हे आपण अजून ठरविलेले नाही.

जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. येथील तारपा पाहा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण एवढ्यातून तो तयार होतो. त्याच्या भोवती गाव रात्रभर नाचते. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला, याचा आम्हाला अभिमान आहे. डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सन्मान योग्यच होते. पण सन्मानाच्या पुढची पायरी अशी झाली, की मंत्र्याच्या स्वागताला तारपा, कार्यालयाच्या भिंतीला वारली चित्र आणि हॉटेलच्या अंगणात रात्रीचा नाच ठरून गेला. त्याच भिंतीमागील टेबलावर त्याच वारल्याचा वनहक्काचा दावा धूळ खात पडलेला असतो. कला आत गेली, कलावंत बाहेर उभा राहिला.

आणि गाण्यासारखे विषय काय कमी आहेत? मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण २०१२ साली पूर्ण झाले. त्यातून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. मोखाड्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात तेथील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. अण्णाभाऊंनी मुंबई कोणाची हा प्रश्न फडावर मांडला. पाणी कोणाचे हा त्याच प्रश्नाचा पुढचा चरण आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालकांचे कुपोषणाने मृत्यू झाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. २०१६ साली मोखाड्यात पुन्हा तेच ऐकू आले. मधल्या काळात योजना आल्या, समित्या आल्या, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. उचल मात्र चालूच राहिली. लग्नगड्याची पद्धत गेली, आगाऊ घेतलेल्या पैशापायी कुटुंबाने हंगामभर बांधून घेणे गेले नाही.

या ठिकाणी एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बिदागी नाकारा असे कलावंताला सांगणे सोपे आहे. मग त्याने खावे काय? अण्णाभाऊ साठ्यांची गाणी लाखोंच्या मोर्च्यांनी गायली, ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, आणि अण्णाभाऊंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. ज्या चळवळींनी त्यांचा आवाज वापरला, त्यांनी त्या आवाजाची मजुरी आपल्या हिशोबाच्या वहीत कधी मांडली नाही. श्रमाच्या मोबदल्यावर व्याख्याने देणाऱ्या आपण डाव्या मंडळींनी शाहिराचा श्रम फुकट धरला. सभा सुरू होईपर्यंत गर्दी जमवून ठेवणारा, पुढारी आले की खाली बसणारा, अशी त्याची जागा ठरवून टाकली. शासनाने त्याला मानधन देऊ केले तेव्हा तो तिकडे गेला, यात नवल कसले? त्याला तेथे ढकलण्यात आपलाही हात आहे.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या परंपरेतच आहे. तो म्हणजे वर्गणी. जव्हार-मोखाड्यात काम करणाऱ्या कष्टकऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात पत्रके आणि गाड्यांच्या खर्चाशेजारी कलापथकाची एक ओळ घालावी. रक्कम लहान असली तरी चालेल. ती सभासदांच्या खिशातून आलेली असावी. गाणे कोणते व्हावे हे कार्यकारिणीने ठरवू नये. पाड्यावरच्या पोरापोरींनी ठरवावे, आणि त्यांनी संघटनेच्या पुढाऱ्याचीही टर उडविली तर ती सोसण्याची तयारी ठेवावी. आज पोराच्या खिशात मोबाइल आहे. गाणे मुद्रित करून शेजारच्या तालुक्यात पोचवायला पूर्वी जो छापखाना लागे, तोही आता लागत नाही. साधने १९४४ पेक्षा स्वस्त झाली आहेत. महाग झाली आहे ती फुरसत. ज्या पोरीला नोव्हेंबरात भट्टीवर विटा थापायला जावे लागते, तिला तालीम कोणत्या महिन्यात करायला सांगणार? म्हणून गावात काम मिळण्याचा लढा आणि गाण्याचा लढा वेगळे काढता येत नाहीत. रोजगार हमीचे काम वेळेवर निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तरच पाड्यावर पथक उभे राहील. आणि पथक उभे राहिले, तर काम मागण्याचा अर्ज भरायला माणसे धजावतील.

गाण्याने मजुरी वाढत नाही, हे आम्ही जाणतो. गवताचा दर अडीच रुपयांपर्यंत नेण्याची भाषा संपाने केली, पोवाड्याने नव्हे. परंतु संप करणारा माणूस आधी आपल्या हलाखीकडे बोट दाखवायला शिकला होता, आणि ते बोट दाखविणे चारचौघांत, मोठ्याने, हसत-रडत घडले होते. लाल बावटा कलापथक थोडी वर्षे जगले. तेवढ्यात त्याने तीन पिढ्यांना पुरेल इतके शिकविले. त्याची जन्मशताब्दी दोन दशकांवर आहे. तेव्हा सरकार स्मारक बांधील, टपालाचे तिकीट काढील, आणि भाड्याचे पथक आणून त्याचे गुणगानही करवून घेईल. तोपर्यंत मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर स्वतःच्या वर्गणीतून घेतलेला एक डफ वाजू लागला, तर त्या स्मारकाची आम्हाला फारशी गरज उरणार नाही.